घरांतील सर्व्हरचा पत्ता

सोमवार, ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहा वाजून गेल्यावर मुंबई शहर, उपनगरें आणि ठाणें येथील वीज एकाएकीं गेली. लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागीं उभ्या राहिल्या, पाण्याचे पंप थांबले, आणि ते दिवस टाळेबंदीचे असल्यामुळें घरोघर मोबाईलवर चाललेल्या मुलांच्या शाळाहि सुटल्या. दिवसभरांत टप्प्याटप्प्यानें वीज परत आली. पंखे फिरूं लागले, फ्रिज घुरघुरूं लागले, आणि सकाळची धांदल लोक विसरूं लागले. परंतु कांहीं घरांत सकाळपर्यंत असलेली एक वस्तु संध्याकाळीं सांपडेना. ती कोणी नेली नव्हती; डोळ्यांसमोर दिसत होती; तरीहि सांपडत नव्हती.

मुलुंडच्या अशा एका घराची कल्पना करावी. दिवाणखान्यांत टेलिव्हिजनच्या मागें, इंटरनेटच्या राउटरशेजारीं, तळहातावर मावेल एवढा एक काळा डबा आहे. त्याला पडदा नाहीं, कळफलक नाहीं. एक तार विजेची, दुसरी राउटरला जोडलेली, आणि एक हिरवा दिवा. बंगळूरला नोकरीस गेलेल्या मुलानें तो बसवून दिला आहे. त्यांत घरच्या लग्नमुंजींचीं छायाचित्रें आहेत, आणि कैलासवासी आजोबांनीं आपल्या टेपरेकॉर्डरवर म्हणून ठेवलेले अभंग आहेत. दिवेलागणीला आजीबाई मोबाईलवरील एका खुणेवर बोट ठेवीत आणि आजोबांचा आवाज सुरू होई. त्या खुणेच्या मागें चार आंकडे होते : १९२.१६८.१.७. त्या संध्याकाळीं बोट ठेवलें, चक्र फिरत राहिलें, आणि शेवटीं पान मिळत नसल्याचें उत्तर आलें. वीज येतांना दाब वाढून डबा जळाला असावा, असा सर्वांनीं तर्क केला. दुसऱ्या दिवशीं तो पिशवींत घालून दुरुस्तीच्या दुकानांत न्यावयाचें ठरलें. अशा वेळीं दुकानदार पुष्कळदां सोपा मार्ग धरतो, आणि तो म्हणजे आंतील सर्व पुसून यंत्र नव्यानें भरणें. तसें घडतें तर आजोबांचा आवाज कायमचा गेला असता. आणि डब्याला तर कांहींच झालें नव्हतें. तो धडधाकट, कामाला सिद्ध असा जागेवर बसला होता. बदलला होता तो फक्त त्याचा पत्ता.

अशा डब्याला सर्व्हर म्हणतात. शब्द भारदस्त वाटतो. अर्थ सेवा करणारा, एवढाच. जो मागेल त्याला मागितलेली वस्तु काढून देणें हें त्याचें काम. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरांसाठीं चांदिवली, ऐरोली यांसारख्या ठिकाणीं इमारतीच्या इमारती उभ्या आहेत आणि तेथें रात्रंदिवस माणसें राखणीला असतात. घरच्या सर्व्हरची अडचण अशी, कीं हा सेवक मुका आहे. त्याला पडदा असता तर आपण कोठें आहों हें त्यानें स्वतःच लिहून दाखविलें असतें. किंबहुना, डब्याला टेलिव्हिजनची तार आणि कळफलक जोडून त्यालाच विचारणें हा पत्ता शोधण्याचा एक सरळ उपाय आहेहि. परंतु ती तार आणि तो कळफलक ऐन वेळीं घरांत असतातच असें नाहीं.

हे चार आंकडे म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. प्रत्येक आंकडा शून्यापासून २५५ पर्यंतचा असतो. १९८१ सालीं हा नियम कायम झाला, तेव्हां अशा पत्त्यांची एकूण संख्या ४२९ कोटि ४९ लक्ष ६७ हजार २९६ होते, ती अक्षय्य भांड्यासारखी वाटली. प्रत्यक्षांत ती जगांतील माणसांच्या संख्येसहि पुरत नाहीं, आणि फेब्रुवारी २०११ मध्यें पत्ते वांटणाऱ्या मध्यवर्ती संस्थेजवळचा सांठा संपला. ही टंचाई पुष्कळ आधींच दिसूं लागली होती. म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्यें असें ठरलें, कीं पत्त्यांचे तीन गट घरगुती उपयोगासाठीं राखून ठेवावे. पहिला गट १० या आंकड्यानें सुरू होणारा, दुसरा १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा, आणि तिसरा १९२.१६८ नें सुरू होणारा. हे पत्ते कोणीहि, कोणास न विचारतां, आपल्या घरांत वापरावे. मात्र घराबाहेर त्यांना किंमत नाहीं.

उपनगरांतील माणसाला ही योजना नवी वाटूं नये. ए विंगमधील २०४ क्रमांकाची जागा बोरिवलींत किती तरी सोसायट्यांत असेल, घाटकोपरांत असेल, आणि मुलुंडांतहि असेल. त्यांचें आपसांत भांडण नाहीं, कारण आपल्या फाटकाच्या आंत २०४ म्हटलें कीं पुरतें. फाटकाबाहेर पडल्यावर इमारतीचें नांव लागतें, रस्ता लागतो, आणि श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ टपाल-अधिकाऱ्यांनीं योजिलेला, १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेला सहा आंकडी पिनकोड लागतो. मुलुंड पश्चिमेस ४०००८० आणि पूर्वेस ४०००८१, एवढ्या एका आंकड्याच्या फरकानें पत्र रुळांच्या ह्या बाजूस कीं त्या बाजूस जावयाचें तें ठरतें. १९२.१६८.१.७ हा खोलीक्रमांक आहे, पिनकोड नव्हे. पुष्कळ लोक येथेंच चुकतात. इंटरनेटवर 'माझा पत्ता काय' असें विचारून जो आंकडा मिळतो तो बाहेरचा असतो. आणि हल्लीं तर तो एकट्या घराचाहि असतो असें नाहीं, इंटरनेट पुरविणारी कंपनी एकच पत्ता अनेक घरांत वांटून देते. घरांतील डबा त्या आंकड्यावर शोधणें म्हणजे पिनकोड हातांत घेऊन स्वयंपाकघरांतील डाव शोधण्यासारखें आहे.

फाटकावर राउटर बसलेला असतो. तो पहारेकरीहि आहे आणि सोसायटीचा चिटणीसहि आहे. आंतील मागणी बाहेर पाठवितांना तो तिच्यावर घराचा बाहेरचा पत्ता घालतो, आणि उत्तर आलें म्हणजे मागणी कोणाची होती तें वहींत पाहून आंत पोंचवितो. खोल्या देण्याचें कामहि त्याच्याकडेच असतें, आणि मुलुंडच्या घरांतील घोटाळ्याचें मूळ या कामांत आहे.

खोलीक्रमांकाची उपमा येथें अपुरी पडते. इमारतींतील २०४ चा ३०२ होत नाहीं. राउटरनें दिलेला आंकडा मात्र मालकीचा नसतो. तो मुदतीनें दिलेला असतो. मुंबईंत अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. १९९३ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि १९९७ सालीं सुधारलेल्या एका नियमाप्रमाणें हा करार चार वाक्यांत होतो. नवीन आलेलें यंत्र सर्वांना ऐकूं जाईल असें ओरडतें, 'येथें पत्ता देणारा कोणी आहे काय?' राउटर म्हणतो, 'सात क्रमांक मोकळा आहे.' यंत्र म्हणतें, 'तोच मला द्यावा.' राउटर म्हणतो, 'दिला, अमुक वेळेपर्यंत.' ही वेळ कोठें एक तासाची, कोठें एक दिवसाची, कोठें आठवड्याची असते. निम्मी मुदत सरली कीं यंत्र गुपचूप नूतनीकरण मागतें आणि तें बहुधा मिळतें. म्हणून महिनोन्महिने तोच आंकडा टिकून राहतो आणि घरच्या माणसांची समजूत होते, कीं तो कायमचाच आहे.

वीज जाते त्या वेळीं राउटरहि बंद पडतो. कांहीं राउटर आपली वही जपून ठेवतात. पुष्कळांची वही वीज जातांच कोरी होते. वीज आल्यावर जो आधीं दार ठोठावील त्याला आधीं खोली. मोबाईल तर हातांत जागेच असतात, ते क्षणार्धांत रांग लावतात. डब्याला मात्र झोंपेंतून उठावयास मिनिट दीड मिनिट लागतें. तोंवर सात क्रमांक दुसऱ्या कोणास गेलेला असतो. दर वेळीं असें होतेंच असें नाहीं, कारण यंत्रें आपला जुना आंकडा लक्षांत ठेवून पुन्हां तोच मागतात आणि मोकळा असल्यास राउटर तो देतोहि. दहा वेळां वीज जाऊन कांहीं बिघडत नाहीं, आणि अकराव्या वेळीं बिघडतें. त्यामुळेंच खरें कारण कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

रात्रीं नातीनें बंगळूरला फोन लावला. "बाबा, डबा मेला." तिकडून प्रश्न आला, "दिवा लागला आहे का?" "लागला आहे. लुकलुकतो आहे." "मग तो मेला नाहीं. त्याचा नंबर बदलला असेल. आजीला म्हणावें, दुकानांत नेऊं नका."

पुढील शोध मुलीनें केला. पत्ता ज्यानें दिला त्याला विचारणें हा पहिला आणि सर्वांत भरंवशाचा मार्ग. राउटरला स्वतःचाहि एक पत्ता असतो. मोबाईलच्या वाय-फायच्या तपशिलांत 'गेटवे' किंवा 'राउटर' या शब्दापुढें तो दिसतो आणि बहुधा त्याचा शेवटचा आंकडा १ असतो. इंटरनेटवरील पान उघडतों त्याच जागीं तो लिहिला, अर्थात् इंग्रजी अंकांत, कीं राउटरचें पान उघडतें आणि परवलीचा शब्द विचारला जातो. तो पुष्कळदां राउटरच्या पोटाशीं चिकटविलेल्या चिठीवर छापलेला असतो. (कारखान्यांतून आलेला हा शब्द वर्षानुवर्षें तसाच ठेवणारीं घरें थोडीं नाहींत. कुलूप लावून किल्ली त्याच कडींत अडकवून ठेवण्याचा हा प्रकार होय.) आंत गेल्यावर जोडलेल्या यंत्रांची यादी मिळते. शाळेंतील हजेरीपटच तो.

मात्र ह्या हजेरीपटांतील नांवें वाचून माणूस गोंधळतो. एखाद्या ओळींत मोबाईलच्या कारखान्याचें नांव, एखादींत नुसतीं अक्षरें, एखादी ओळ अगदींच कोरी. त्या घरांत अशा नऊ ओळी निघाल्या. आजीबाईंनीं चष्मा लावून विचारलें, "घरांत माणसें चार, मग हे नऊ कोण?" तीन मोबाईल, एक लॅपटॉप, टेलिव्हिजन, मुलीच्या शाळेचा टॅबलेट, प्रिंटर, जिन्यावरचा कॅमेरा, अशी मोजदाद करीत आठ ओळी ओळखतां आल्या. नववीला नांव नव्हतें. तिचा आंकडा होता १९२.१६८.१.१२.

संशय आला, पण खात्री कशी करावी? एक युक्ति अशी, कीं डब्याची राउटरकडे गेलेली तार क्षणभर काढावी आणि कोणती ओळ नाहींशी होते तें पाहावें. विजेची तार मात्र ओढूं नये, कारण लिहितां लिहितां वीज तुटली तर आंतील सांठ्यास धक्का बसूं शकतो. शिवाय कांहीं राउटर गेलेल्या पाहुण्याचें नांव मुदत संपेपर्यंत खोडत नाहींत, तेव्हां ओळ राहिली म्हणून निराश होऊं नये. दुसरी खूण अधिक पक्की आहे. प्रत्येक यंत्राला चार आंकड्यांच्या उसन्या पत्त्याशिवाय कारखान्यांतूनच मिळालेला एक जन्मांक असतो. दोन दोन चिन्हांच्या सहा जोड्यांचा हा क्रमांक मोटारीच्या चासीवर कोरलेल्या क्रमांकासारखा आहे. पहिल्या तीन जोड्यांवरून कारखाना कोणता तें कळतें. त्याला मॅक पत्ता म्हणतात. घरांतल्या घरांत निरोप जातो तो खरें पाहतां ह्याच क्रमांकावर. उसन्या पत्त्यावरून जन्मांक शोधण्याची रीत १९८२ सालीं डेव्हिड प्लमर यानें लिहून ठेवली : यंत्र सर्वांना विचारतें, 'सात क्रमांक कोणाकडे आहे?' आणि ज्याच्याकडे असेल तें आपला जन्मांक सांगतें. हजेरीपटांत प्रत्येक ओळीपुढें हा जन्मांक दिलेला असतो, आणि डब्याच्या तळाशीं चिठीवरहि तो छापलेला असतो. मोबाईलच्या बाबतींत मात्र ही खूण फसवी झाली आहे. २०१९-२० पासून नवे मोबाईल आपला खरा जन्मांक झांकून प्रत्येक वाय-फायवर बनावट क्रमांक सांगतात. माणसाच्या मागावर राहणाऱ्यांना चुकविण्यासाठीं ही सोय आहे, आणि ती योग्यच आहे. सर्व्हर सहसा तसें करीत नाहीं.

मुलीनें डबा उलटा केला, बॅटरीच्या उजेडांत बारा चिन्हें वाचलीं, आणि नवव्या ओळीशीं ताडून पाहिलीं. तीं जुळलीं. जेवणें झाल्यावर खुणेमागील सातांचे बारा करण्यांत आले, आणि आजोबांचा अभंग जेथें थांबला होता तेथून नव्हे, पण पहिल्यापासून, सुरू झाला.

राउटरचा परवलीचा शब्द ठाऊक नसेल तर काय करावें, हा प्रश्न उरतो. पुष्कळ जण अशा वेळीं राउटरच्या पाठीवरील छिद्रांत टांचणी खुपसतात. त्यानें शब्द मूळपदावर येतो खरा, पण त्याबरोबर वाय-फायचें नांव आणि कंपनीनें भरलेली इतर सर्व माहिती पुसली जाण्याचा संभव असतो, आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत घराचें इंटरनेटच बंद. त्यापेक्षां डब्याला नांवानें हांक मारून पाहावी. घरगुती जाळ्यांत, राउटरच्या वहीची मदत न घेतां, नांवानें पुकारण्याची एक रीत आहे. तिचा नियम फेब्रुवारी २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला. नांवाच्या शेवटीं 'डॉट लोकल' जोडावयाचें. उदाहरणार्थ, घरच्या सर्व्हरसाठीं लोकप्रिय असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचें मूळ नांव बदललें नसेल, तर 'रास्पबेरीपाय डॉट लोकल' असें इंग्रजींत सलग लिहिलें कीं तो ओ देतो, मग त्याचा आंकडा सात असो वा बारा. कांहीं जुन्या अँड्रॉइड मोबाईलांना मात्र ही हांक मारतां येत नाहीं. तेथें संगणकाचा आश्रय घ्यावा.

नांवहि ठाऊक नसेल तर दारोदार हिंडणें आलें. घरांतील एका जाळ्यांत साधारणपणें २५४ दारें असतात. फिंग किंवा एनमॅप यांसारखें साधन तीं सर्व ठोठावून मिनिटाच्या आंतबाहेर यादी देतें. संगणकाच्या आज्ञाखिडकींत ए, आर, पी, मग एक जागा सोडून उणे चिन्ह आणि ए, असें लिहिलें तरीहि, त्या संगणकाचें अलीकडे ज्यांच्याशीं बोलणें झालें तेवढ्यांचे उसने पत्ते आणि जन्मांक समोरासमोर दिसतात. दारें ठोठावणें हें स्वतःच्या घरांत करावें. कचेरींत, वसतिगृहांत किंवा सोसायटीच्या सामाईक वाय-फायवर तें विचारल्यावांचून करणें असभ्यपणाचें आहे, आणि तेथील व्यवस्थापकास तें चोराचें पाऊल वाटलें तर त्याचा दोष नाहीं.

इतकें करूनहि डबा न मिळाला तर उपनगरांतील घरांत एक कारण हटकून तपासावें. फायबरची जोडणी घेतांना कंपनी आपली एक पेटी बसविते. तिचा वाय-फाय आंतल्या खोलीपर्यंत पोंचत नाहीं म्हणून लोक बाजारांतून दुसरा राउटर आणून तिला जोडतात. आतां एका घराला दोन फाटकें झालीं आणि दोन चिटणीस. डबा पहिल्याच्या वहींत असतो, आणि मोबाईल दुसऱ्याच्या. मोबाईलवरून मारलेली नांवाची हांक दुसऱ्या फाटकाशींच थांबते आणि दुसऱ्या वहींत डबा सांपडत नाहीं. अशा वेळीं दोन्ही वह्या पाहाव्या, किंवा मोबाईल थोडा वेळ कंपनीच्या वाय-फायवर न्यावा. पाहुण्यांसाठीं वेगळा वाय-फाय ठेवणाऱ्या घरांत हाच प्रकार होतो. त्या वाय-फायवरून घरचीं यंत्रें दिसूं नयेत, अशीच मुळीं योजना असते.

आणखी एक गोष्ट. वीज आल्यावर राउटर उठण्यापूर्वींच डबा उठला आणि त्याच्या ओरडण्याला कोणीच उत्तर दिलें नाहीं, तर तो स्वतःच १६९.२५४ नें सुरू होणारा आंकडा धारण करून बसतो. फलाटावर रात्र काढणाऱ्या उतारूसारखी त्याची ती सोय. राउटरच्या वहींत तिची नोंद नसते. बहुधा थोड्या वेळानें तो पुन्हां विचारणा करतो. न केल्यास राउटरकडील तार काढून परत लावावी.

हा शोध पुन्हां करावा लागूं नये यासाठीं राउटरच्या पानावर पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. डब्याचा जन्मांक आणि हवा तो आंकडा यांची एकदां गांठ घातली, कीं राउटर तो आंकडा दुसऱ्या कोणास देत नाहीं. अकरा महिन्यांचा भाडेकरू येथें पागडीवाला होतो. कांहीं लोक राउटरला वगळून डब्याच्या आंतच आंकडा ठोकून देतात. तेंहि चालतें, पण राउटर जे आंकडे वांटतो त्यांच्या बाहेरचा तो असावा, नाहीं तर एके दिवशीं तोच आंकडा पाहुण्याच्या मोबाईलला जाऊन दोघांचींहि पत्रें भलतीकडे पडूं लागतात.

मुलुंडच्या घरांत बारा हा आंकडा त्याच आठवड्यांत राखून ठेवण्यांत आला, आणि अभंगांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून बंगळूरला पाठविण्यांत आली. इंटरनेटची कंपनी बदलली कीं नवा राउटर येतो आणि त्याची वही कोरीच असते. म्हणून डब्याचें नांव, जन्मांक आणि राखलेला आंकडा हे तिन्ही एका कागदावर लिहून तो देवघराच्या कपाटाच्या दाराला आंतून चिकटविला आहे. अक्षर आजीबाईंचें आहे.